तम्मूज महिना आणि बाबेलचे देव



आमची नात यंदा बारा वर्षांची झाली. या वयात इथल्या शाळांतून मुलांना 'शोराशीम'चा, म्हणजे आपल्या घराण्याची मुळे शोधण्याचा प्रकल्प करावा लागतो. वंशावळ मांडायची, जुनी छायाचित्रे डकवायची, आजीआजोबांना प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यायची. त्याप्रमाणे ती वही घेऊन आमच्यासमोर बसली. आम्ही तिला सांगितले की आमची आजी रोश हशानाला 'नव्याचा सण' म्हणे, योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण', त्याच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण', पेसाहला 'अनशी ढाकायचा सण', पुरिमला 'होळीचा सण', तिशा बेआवला 'बिरड्याचा सण' आणि एलूलच्या उपासांना चक्क 'रमजान'. तिने निम्मे लिहून घेतले आणि पेन खाली ठेवले.

"सबा, हे मी वर्गात वाचून दाखवू? मुले म्हणतील, तुम्ही खरे यहुदी होतात की नाही?"

थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न काढला. त्यांच्या शिक्षिकेने सांगितले होते की तम्मूज हे बाबेलच्या लोकांच्या एका देवाचे नाव आहे. मग आपल्या पंचांगात, आपल्या उपासाच्या महिन्याला, मूर्तिपूजकांच्या देवाचे नाव कसे?

आम्ही तिला म्हटले, "पोरी, तुझ्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. पण त्यासाठी आधी बाबेलला जाऊन यावे लागेल." निवृत्त मास्तरांची खोड जात नाही. तिला जे तासभर सांगितले, ते थोडे नीट जुळवून येथे मांडतो. १७ तम्मूजचा उपास जवळ आला आहे, तेव्हा विषय वेळेवरचाच आहे.

शहर आणि त्याचे नाव

आजच्या इराकमध्ये बगदादच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर हिल्ला नावाचे शहर आहे. त्याच्या जवळ, युफ्रेटिस नदीच्या काठी, मातीच्या टेकाडांखाली बाबेल उर्फ बाबिलोन पडून आहे. दोन नद्यांमधल्या या सपाट मुलखात दगड मिळत नाही, चांगले लाकूडही नाही. मिळतो तो गाळ. म्हणून तिथे घरे विटांची, राजवाडे विटांचे, देवळे विटांची आणि लिहायचे तेही ओल्या मातीच्या पाटीवर, बोरूच्या टोकाने खुणा उमटवून. या लिपीला आपण शाळेत कीलाकार लिपी म्हणून शिकलो. कागद कुजतो, कातडे कुजते. मातीची पाटी हजारो वर्षे टिकते आणि शहराला आग लागली तर उलट अधिक पक्की भाजून निघते. म्हणूनच बाबेलच्या लोकांचे हिशोब, करारपत्रे आणि देवांच्या कथा आज वाचता येतात.

तोरा सांगते की तिथे भाषांची सरमिसळ झाली म्हणून ते बाबेल. इब्रीत 'बलल' म्हणजे मिसळणे. तिथले लोक मात्र आपल्या शहराचा अर्थ 'देवाचे द्वार' असा लावत. 'बाब' म्हणजे दार. अरबी भाषेत तो शब्द अजून त्याच अर्थाने आहे. एकाच नावाचे दोन अर्थ, एक आतल्या माणसाचा, एक बाहेरच्याचा. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

बाबेल सुरुवातीला मोठे नव्हते. ऊर, उरुक, निप्पूर ही शहरे त्याहून पुष्कळ जुनी. आपला पिता आव्राहाम ज्या ऊर कसदीममधून निघाला ते ऊर चंद्रदेवाचे शहर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाबेलला पहिले वैभव आले ते राजा हम्मुराबीच्या काळात, सर्वसाधारण मान्य कालगणनेनुसार इ.स.पू. १७९२ ते १७५०. त्याच्या कायद्यांचा काळा शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या माथ्यावर हम्मुराबी एका देवापुढे उभा आहे. तो देव शमाश, सूर्य. वरून सारे पाहतो, त्याच्यापासून काही लपत नाही, म्हणून न्यायाचा देव तोच. इब्रीतला आपला 'शेमेश' आणि हा शमाश हे एकाच मुळाचे शब्द.

मर्दूक आणि त्याचे घर

शहर मोठे झाले तसा शहराचा देवही मोठा झाला. हा देव मर्दूक. आरंभी तो एक लहानसा स्थानिक देव. निप्पूरचा एनलिल हा त्या काळी देवांचा राजा मानला जाई. पण बाबेलचे राजे जसे आसपासची शहरे जिंकत गेले, तसतसा मर्दूकही इतर देवांच्या वर चढत गेला. पुढे लोक त्याला नावानेही हाक मारीनात. नुसते 'बेल' म्हणत, म्हणजे 'स्वामी'. तनाखमध्ये यशाया नवी ज्या बेलचा उल्लेख करतो तो हाच.

मर्दूकच्या मोठेपणाची कथा सात पाट्यांच्या एका काव्यात आहे. त्याला 'एनुमा एलिश' म्हणतात. आरंभी फक्त पाणी होते. गोड्या पाण्याचा अप्सू आणि खाऱ्या समुद्राची तियामत. त्यांच्यापासून देव जन्मले, देवांच्या गडबडीने अप्सूची झोप मोडली, भांडण पेटले. पुढे तियामत राक्षसांची फौज घेऊन उठली, तेव्हा सगळे देव घाबरले. तरुण मर्दूक म्हणाला, मी लढतो, पण मग राजा मीच. त्याने तियामतला मारले, सुकवायला घातलेल्या मासळीसारखे तिचे दोन भाग केले, एकाचे आकाश केले, दुसऱ्याची पृथ्वी. तिच्या सेनापतीच्या रक्तातून माणूस घडवला. कशासाठी? देवांची कामे करायला, म्हणजे देवांना विश्रांती मिळेल. शेवटी देवांनी मर्दूकला पन्नास नावे दिली.

बेरेशीतच्या पहिल्याच ओळींत अंधाराखाली जे खोल पाणी आहे त्याला इब्रीत 'तेहोम' म्हणतात. हा शब्द आणि 'तियामत' हे नात्यातले शब्द आहेत. पण तोरामध्ये पाण्याशी लढाई नाही. पाणी हे नुसते पाणी आहे. आणि विश्रांतीचा दिवस माणसालाही आहे, गड्यालाही आणि गुरालाही. शब्द शेजारचा, विचार वेगळा.

मर्दूकच्या देवळाचे नाव एसागिला. त्याच्याजवळ पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा प्रचंड मनोरा होता, एतेमेनान्की, म्हणजे 'आकाश आणि पृथ्वी यांच्या पायाचे घर'. त्याचा तळ चौरस, प्रत्येक बाजू सुमारे ९१ मीटर. बाबेलच्या मनोऱ्याची तोरातली कथा बहुधा याच मनोऱ्याकडे बोट दाखवते.

देवळातल्या मूर्तीत देव राहतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. सकाळ-संध्याकाळ त्याला जेवण वाढत, वस्त्रे नेसवत, सणाला मिरवणुकीने बाहेर नेत. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल, त्यांना याची कल्पना करणे अवघड जाणार नाही. मूर्ती शहरात असेल तर देव प्रसन्न. शत्रूने मूर्ती नेली तर देव रागावून निघून गेला, असा अर्थ. मर्दूकवर हा प्रसंग एकदाच आला नाही. इ.स.पू. १५९५ च्या सुमारास हित्ती राजाने बाबेल लुटले तेव्हा मूर्ती गेली. इ.स.पू. ६८९ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबने शहर उद्ध्वस्त केले. याच सन्हेरीबने त्याआधी येरुशलायीमला वेढा घातला होता.

चंद्र, शुक्र, लेखणी आणि मेंढपाळ

मर्दूकखेरीज इतर देवांनाही मान होता. चंद्राचा देव सीन. अमावास्येनंतर सायंकाळी कोर दिसली की नवा महिना लागे. आपल्या रोश होदेशचाही मूळ नियम हाच. शुक्राच्या चांदणीची देवी इश्तार, प्रेमाची आणि युद्धाचीही. तिचे जनावर सिंह. तिच्या नावाच्या निळ्या विटांच्या वेशीवर बैल आणि सापासारख्या मानेचे विचित्र प्राणी कोरलेले होते. तो सर्पमुखी प्राणी मर्दूकचा. ती वेस जर्मन उत्खननकार रॉबर्ट कोल्डेवाय याला सापडली. त्याने १८९९ पासून १९१७ पर्यंत बाबेल खणले. त्या विटांमधून वेशीचा पुढचा भाग बर्लिनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलेला आहे.

मर्दूकचा मुलगा नबू हा आम्हां शिक्षकांच्या कामाचा देव म्हणायला हरकत नाही. त्याचे चिन्ह लेखणी. तो लेखनिकांचा रक्षक. त्याचे देऊळ शेजारच्या बोर्सिप्पा गावात. आपल्या बेत हमिक्दाशचा नाश करणाऱ्या राजाच्या नावात हाच नबू आहे. नबू-कुदुर्री-उसूर, म्हणजे 'नबू, माझ्या वारसाचे रक्षण कर'. आपण त्याला नबुखद्नेस्सर म्हणतो.

आणि आता तम्मूज. सुमेरी भाषेत दुमूझी, बाबेलच्या भाषेत दुऊझू. हा मेंढपाळ, इश्तारचा प्रियकर. कथा अशी की इश्तार पाताळात गेली आणि अडकली. सुटायचे तर बदली माणूस द्यायला हवा. ती वर आली तर तम्मूज तिच्यासाठी शोक करण्याऐवजी उंची वस्त्रे घालून आसनावर बसलेला. तिने त्यालाच पाताळात धाडले. उन्हाळ्यात गवत करपते, मेंढ्यांचे दूध आटते. त्या दिवसांत बायका या मेंढपाळासाठी रडत. ज्या महिन्यात हा शोक होई त्या महिन्याला त्याचेच नाव पडले.

या शोकाचा उल्लेख तनाखमध्ये एकदाच येतो, आणि तो वाचून आजही मन चरकते. यहेज्केल नवीला दर्शनात बेत हमिक्दाशच्या उत्तर दरवाजाशी बायका बसलेल्या दिसतात. त्या तम्मूजसाठी रडत असतात. म्हणजे हा शोक चालला होता तो बाबेलमध्ये नव्हे, खुद्द येरुशलायीममध्ये, देवाच्या घराच्या दारात.

राजाच्या गालावर चपराक

बाबेलचे नवे वर्ष निसान महिन्यात, वसंतात सुरू होई. अकीतू नावाचा हा उत्सव अकरा-बारा दिवस चाले. चौथ्या दिवशी मुख्य पुजारी मर्दूकपुढे 'एनुमा एलिश' सबंध म्हणे. पाचव्या दिवशी राजा देवळात येई. पुजारी त्याचा राजदंड आणि मुकुट काढून घेई, त्याच्या गालावर चपराक मारी आणि कान धरून त्याला देवापुढे गुडघे टेकायला लावी. राजाने म्हणायचे की मी पाप केले नाही, शहराची उपेक्षा केली नाही, लोकांना मारहाण केली नाही. मग पुजारी त्याची चिन्हे परत देई आणि पुन्हा एक चपराक मारी. राजाच्या डोळ्यांत पाणी आले तर वर्ष चांगले जाणार. पुढे नबू बोर्सिप्प्याहून होडीने बापाला भेटायला येई, आणि राजा बेलचा हात धरून त्याला मिरवणुकीने शहराबाहेरच्या उत्सवगृहात नेई.

नातीला हा भाग फार आवडला. "आपल्या पंतप्रधानांनासुद्धा असे करायला हवे," असे ती म्हणाली. राजकारण या मासिकाचा विषय नाही, म्हणून पुढे जातो.

बंदिवान

नबुखद्नेस्सरने येरुशलायीम प्रथम घेतले ते इ.स.पू. ५९७ मध्ये. बाबेलच्या दरबारी बखरीची एक पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तीत त्या दिवसाची तारीखही दिली आहे: अदार महिन्याची दुसरी. तरुण राजा यहोयाखीन कैद होऊन बाबेलला गेला. त्यानंतर अकरा वर्षांनी, इ.स.पू. ५८६ मध्ये, बेत हमिक्दाश जाळण्यात आले आणि आणखी लोक नेण्यात आले.

त्या काळच्या समजुतीप्रमाणे अर्थ स्पष्ट होता. ज्याचे घर जळले तो देव हरला. आता मर्दूकला मानावे आणि गप्प बसावे. जिंकलेल्या कितीतरी लोकांनी तेच केले असेल. पण यिर्मया नवीने येरुशलायीमहून बंदिवानांना जे पत्र पाठवले त्याचा आशय वेगळा होता. तिथे घरे बांधा आणि राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात गेला आहात त्याचे भले चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. तुमचा देव इथेच राहिला, असे त्या पत्रात कुठेही नाही. ज्याला घराची, मूर्तीची गरज नाही तो माणसांबरोबर कुठेही जाऊ शकतो.

कोल्डेवायला राजवाड्यात ज्या पाट्या मिळाल्या त्यांत शिध्याचे हिशोब होते. त्यांतील काहींवर 'याउकिनू, यहूदा देशाचा राजा' आणि त्याचे पाच मुलगे यांना किती तेल दिले याची नोंद आहे. तोच आपला यहोयाखीन. एका पाटीचे वर्ष इ.स.पू. ५९२. नबुखद्नेस्सरच्या मुलाने पुढे त्याला तुरुंगातून सोडून आपल्या पंक्तीला बसवले, असे तनाख सांगते. या मुलाचे नाव तनाखमध्ये एवील-मरोदाख. मूळ नाव अमेल-मर्दूक, 'मर्दूकचा माणूस'.

साध्या लोकांचे काय झाले? २०१५ मध्ये येरुशलायीमच्या बायबल लँड्स म्युझियममध्ये काही छोट्या पाट्या मांडल्या होत्या. अनेक वाचकांनी ते प्रदर्शन पाहिले असेल. त्या 'अल-याहूदू' म्हणजे 'यहूदानगर' नावाच्या गावातल्या आणि त्याच्या आसपासच्या. बंदिवानांची वस्ती होती म्हणून गावाला हे नाव. साधारण इ.स.पू. ५७२ पासून जवळजवळ शंभर वर्षांचे व्यवहार त्यांत आहेत: जमिनीचा खंड, जव, खजूर, कर्ज, बैल. नावे वाचली तर त्यांत देवाचे नाव गुंफलेले दिसते. एका पाटीवर कीलाकार मजकुराशेजारी जुन्या इब्री अक्षरांत 'शेलेम्याह' असे नाव कोरले आहे.

आणि एका माणसाचे नाव एका पाटीत याहू-शर-उसूर आहे, तर दुसरीत बेल-शर-उसूर. पहिल्याचा अर्थ 'याहू, राजाचे रक्षण कर', दुसऱ्याचा 'बेल, राजाचे रक्षण कर'. माणूस एकच. कचेरीत एक नाव, घरी दुसरे, असे काहीसे असावे. आपल्याला हे कळायला कोणी पंडित लागत नाही.

काय घेतले, काय सोडले

आता नातीच्या प्रश्नाकडे येऊ. बाबेलला जाण्यापूर्वी आपले लोक महिने बहुधा आकड्यांनी मोजत: पहिला महिना, दुसरा महिना. काही जुनी नावेही होती, अवीव, झीव, एतानीम, बूल. ती तनाखमध्ये आहेत. निसान, इयार, सिवान, तम्मूज, आव, एलूल ही आपली सध्याची नावे बाबेलच्या निसानू, अय्यारू, सिमानू, दुऊझू, अबू, उलूलू यांवरून आली. आपल्याच विद्वानांनी हे कधी लपवले नाही. महिन्यांची नावे आपल्याबरोबर बाबेलहून आली, असे येरुशलमी तलमूद सरळ सांगतो. मारहेशवान या नावाचा उगम पाहिला तर तो 'आठवा महिना' एवढाच आहे. निसानपासून मोजून पाहावे.

ही नावे का घेतली? कारण खंडाची मुदत, कर्जाची तारीख, कराची पावती सगळे त्याच महिन्यांत लिहिले जाई. पुढे पारशी राजवटीतही हीच नावे सरकारी कामात राहिली. नावांबरोबर हिशोबही आला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी लहान पडते, म्हणून १९ वर्षांत ७ महिने जास्त घालायचे, हा नियम बाबेलच्या ज्योतिषांनी बसवला. आपले अदार शेनी त्यातूनच येते. महाराष्ट्रात वाढलेल्यांना अधिक महिना ठाऊक आहेच. गरज तीच, उपायही त्याच जातीचा. आज सेफर तोरा ज्या चौकोनी अक्षरांत लिहितात ती अक्षरेही अरामी लिपीतून आली. एझ्राच्या काळात ती आपण स्वीकारली असे तलमूद म्हणतो. शेलेम्याहने कोरली ती जुनी अक्षरे मागे पडली.

माणसांच्या नावांचेही तेच. मर्दखय हे नाव मर्दूकवरून आले आहे. एस्तेरचा संबंध पुष्कळ अभ्यासक इश्तारशी जोडतात. पुरिमला आपण त्या दोघांची नावे ऐकतो आणि ती आपल्याला पूर्ण यहुदी वाटतात. बाबेलहून परत आलेल्यांच्या पुढाऱ्याचे, ज्याने दुसऱ्या बेत हमिक्दाशचा पाया घातला त्या दावीद राजाच्या वंशजाचे नाव काय? झरुब्बाबेल, म्हणजे 'बाबेलचे बीज'.

या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. आपल्या देशात, बेत हमिक्दाश उभे असताना, आपल्या बायका तम्मूजसाठी रडत होत्या. तम्मूजच्या स्वतःच्या देशात गेल्यावर मात्र त्याचे फक्त नाव घेतले आणि ते उपासाच्या महिन्याला चिकटवले. जखर्या नवी अजून 'चौथ्या महिन्याचा उपास' म्हणतो; मिश्नाच्या काळापर्यंत ते '१७ तम्मूज' झाले होते. बाबेलमध्ये सगळेच यहुदी पक्के राहिले असे आम्ही म्हणणार नाही. जे राहिले त्यांनी नावे, अक्षरे, गणित, भाषा सारे घेतले आणि एक गोष्ट घेतली नाही.

मर्दूकचे पुढे काय झाले

इ.स.पू. ५३९ मध्ये पारशी राजा कोरेश बाबेलमध्ये शिरला. शेवटचा राजा नबोनिदस मर्दूकपेक्षा चंद्रदेव सीनचा भक्त होता. तो दहा वर्षे अरबस्तानात जाऊन राहिला, तेव्हा अकीतूचा उत्सवही बंद पडला. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत कोरेशचे मातीचे नळकांडे सापडले. त्यात लिहिले आहे की नबोनिदसवर रागावून मर्दूकनेच कोरेशला निवडले. हेच नळकांडे २०१३ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही प्रदर्शनासाठी आले होते. त्यात यहुदींचा उल्लेख नाही. आपल्या एझ्राच्या पुस्तकात मात्र कोरेश म्हणतो की स्वर्गाच्या देवाने मला येरुशलायीममध्ये त्याचे घर बांधायला सांगितले आहे. राजा एक, प्रत्येक प्रजेशी तिच्या भाषेत बोलणारा.

नंतर सिकंदर आला आणि इ.स.पू. ३२३ मध्ये बाबेलमध्येच मेला. त्याच्या वारसांनी तैग्रिसवर नवी राजधानी वसवली, लोक तिकडे गेले. एसागिलातले काही ज्योतिषी मात्र इ.स. ७५ च्या सुमारापर्यंत ग्रहांची गणिते कीलाकार लिपीत लिहीत राहिले. त्यानंतर ती लिपी वाचणारे संपले आणि मर्दूकला हाक मारणारेही. मनोऱ्याच्या जागी आज पाण्याने भरलेला चौकोनी खड्डा आहे. विटा आसपासच्या लोकांनी घरे बांधायला नेल्या. २०१९ मध्ये युनेस्कोने बाबिलोनला जागतिक वारशात स्थान दिले.

यहुदी मात्र त्या मुलखात राहिले. तलमूद बावली तिथेच तयार झाला. तिथून निघालेले बगदादी यहुदी मुंबईला आले, ते आपल्याला चांगले ठाऊक आहेत. १९५०-५१ मध्ये एक लाखाहून अधिक इराकी यहुदी इस्राएलात आले, तेव्हा अडीच हजार वर्षांचा तो मुक्काम संपला.

शनिवार तेली

आमच्या तरुणपणी, इथे नव्याने आलो होतो तेव्हा, लग्नाची नोंद करायला आम्ही एका कार्यालयात गेलो. घराण्याची नावे विचारण्यात आली. आम्ही पणजोबांचे नाव सांगितले, हसाजी. समोरच्या माणसाने कागदावरून मान वर केली आणि विचारले, "हे यहुदी नाव आहे?" आम्ही काहीतरी पुटपुटलो. हसाजी म्हणजे यहेज्केल, हे सांगायचे आम्हांला सुचले नाही. १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात, हेही सुचले नाही. आणि झरुब्बाबेलचे नाव तर त्या दिवशी मुळीच आठवले नाही. ती चुटपूट अजून आहे.

पाहा, आम्ही आताही 'मशीद' असेच लिहून गेलो. आपल्या वडीलधाऱ्यांनी सिनेगॉगला मशीद म्हटले, उपासाला रोजा म्हटले, कारण शेजारी ते शब्द वापरत होते. गावांवरून आडनावे घेतली. आणि गावकऱ्यांनी आपल्याला नाव दिले 'शनिवार तेली'. हे लोक शनिवारी घाणा चालवत नाहीत, एवढेच त्यांना दिसत होते. शनि हा त्यांचा ग्रहदेव. त्याच्या नावाच्या वारी आपल्या लोकांनी शतकानुशतके घाणा बंद ठेवला, तो कोणासाठी, हे आपल्या लोकांना ठाऊक होते. नाव शेजाऱ्याचे होते, शब्बात आपला होता.

येथे बेत शेमेश नावाचे शहर आहे. 'सूर्याचे घर' हे नाव जुन्या कनानी सूर्यपूजेवरून पडले असावे. तिथे आज कोणी सूर्याची पूजा करीत नाही आणि नाव बदलावे असेही कोणी म्हणत नाही.

नातीने सगळी नावे वहीत उतरवली. डाव्या बाजूला इब्री, उजव्या बाजूला आजीची मराठी. 'रमजान'शी ती थोडी अडखळली, मग खाली लिहिले, "तम्मूजसारखेच." बिरड्याच्या सणापुढे तिने विचारले की बिरडे म्हणजे काय. मोड आलेले, सोललेले वाल म्हणजे काय, हे तिला तोंडी समजावणे बाबेलच्या देवांपेक्षा कठीण गेले. शेवटी वाल भिजत घातले.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आजीच्या तोंडी जी सणांची नावे होती, पणजोबांची जी जुनी नावे होती, ती वहीत लिहून मुलांना द्या आणि त्यांचा अर्थही सांगा. उद्या त्यांना कोणी विचारले तर त्यांनी आमच्यासारखे पुटपुटू नये.